घारींना आवतण

एका शहराच्या कडेला विमानतळ होता. तिथे पाखरं हाकलायला एक म्हातारा कामाला होता. विमान सुटायच्या आधी तो धावपट्टीच्या कडेने फिरे आणि फटाका लावी. घारी उडत, एक घिरटी घेत आणि पुन्हा तिथेच उतरत.

एके सकाळी उड्डाणाच्या वेळी एक घार इंजिनात ओढली गेली. जेमतेम पाऊण किलोचं पाखरू, पण पंख्याची पाती वाकली. वैमानिकाने विमान धावपट्टीवरच थांबवलं, म्हणून माणसं वाचली.

साहेबांनी म्हाताऱ्याला बोलावलं. "बाबा, उद्यापासून फटाके दुप्पट करा."

म्हातारा म्हणाला, "साहेब, आवाजाला त्या सरावल्यात. दोन दिवस मला नुसतं बघू द्या."

तो बघत बसला. दुसऱ्या दिवशी एका घारीच्या पंजातून काहीतरी गवतात पडलं. उचलून पाहिलं, तर कोंबडीचं आतडं, अजून ओलं. घार ज्या बाजूने आली, त्या बाजूला तो भिंतीपलीकडे गेला. मटणाच्या दुकानांमागे पिसं आणि आतडी उघड्यावर पडली होती. कचऱ्याची गाडी दुपारी येई, घारी उजाडताच.

साहेब संतापले. "विमानतळापासून १० किलोमीटरच्या आत असली घाण उघड्यावर टाकायला बंदी आहे. १९३७ च्या विमान नियमांत तसं लिहिलंय. आजच नोटीस काढतो!"

"काढा साहेब. पण आधी जरा माझ्याबरोबर चला."

म्हाताऱ्याने त्यांना विमानतळाच्याच कँटीनमागे नेलं. बिनझाकणाच्या दोन पिंपांत भात आणि हाडं साचली होती. एका पिंपाच्या काठावर घार बसली होती. माणसं जवळ आली तरी ती हलली नाही.

नोटीस निघाली नाही. पहिलं झाकण कँटीनच्या पिंपाला बसलं. मग दुकानदारांना झाकणाची पिंपं मिळाली आणि गाडी पहाटे अंधारात येऊ लागली. हळूहळू घारी दुसरीकडे वळल्या. पावसाळ्यात गांडुळं वर आली की बगळे येत, तेवढ्यापुरता म्हाताऱ्याचा फटाका वाजे.

नको असलेला पाहुणा आला की आपण काठी उचलतो, त्याला आवतण कुणी दिलं हे विचारत नाही. विचारलं तर पुष्कळदा आपलंच नाव निघतं. म्हणून भिंतीपलीकडे बोट दाखवण्याआधी आपल्या पिंपाला झाकण आहे ना, तेवढं पाहावं.