जुगाराची कमाई आणि मशिदीचा वजूखाना



काही आठवड्यांपूर्वी जुमाच्या नमाजनंतर आमच्या वस्तीतील एक तरुण मागे थांबला. संगणक क्षेत्रात नोकरी करणारा, आईवडिलांची मनापासून काळजी घेणारा मुलगा. वजूखान्याचे नळ गळतात, फरशी उखडली आहे, हे त्याच्या नजरेतून सुटले नव्हते. त्याने दोन लाख रुपयांचे पाकीट माझ्यापुढे ठेवले आणि प्रामाणिकपणे सांगूनही टाकले, ‘‘मौलाना, हे पगारातले नाहीत, पोकरमधले आहेत. पण पोकर म्हणजे जुगार नव्हे. ते कौशल्य आहे.’’

ऑगस्ट २०२५मध्ये केंद्राच्या कायद्याने पैसे लावून खेळायचे सर्व ऑनलाइन खेळ बंद केले. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा भेदही त्या कायद्याने मानला नाही. तेव्हापासून हा तरुण सुटीच्या दिवशी पणजीला, मांडवीत नांगरलेल्या कॅसिनोच्या जहाजांवर जात असे.

त्याचे म्हणणे मी धुडकावून लावले नाही, कारण ते निव्वळ खोटे नाही. हातात कोणते पत्ते येतील हे कोणाच्याच हाती नसते. मात्र कोणता डाव सोडावा, किती लावावे, समोरचा खरा आहे की आव आणतो आहे, हे ओळखण्यास बुद्धी लागते. शेकडो डावांचा हिशेब मांडला तर निपुण माणूसच पुढे दिसतो. अमेरिकेतील लास व्हेगास येथे १९७०पासून या खेळाची जागतिक स्पर्धा भरते. स्टू अंगर नावाच्या खेळाडूने तिची मुख्य फेरी १९८०, १९८१ आणि पुन्हा १९९७मध्ये जिंकली. त्याची स्मरणशक्ती अशी विलक्षण, की पत्त्यांच्या दुसऱ्या एका खेळात त्याच्यासमोर बसण्यास कोणी धजेना. शेवटच्या विजयाचे पारितोषिक दहा लाख डॉलर होते. पुढच्याच वर्षी, १९९८च्या नोव्हेंबरमध्ये, त्याच शहरातील एका साध्या मोटेलच्या खोलीत तो मृतावस्थेत सापडला. वय अवघे ४५. पत्त्यांवर मिळवलेले सारे शर्यतींवर, सामन्यांवरील पैजांवर आणि अमली पदार्थांवर गेले होते. त्याच्या अंत्यसंस्कारासाठी वर्गणी काढावी लागली.

‘‘तो बेशिस्त होता, मी नाही,’’ तरुण म्हणाला. हेही मान्य करू. शिस्तीने खेळून श्रीमंत झालेले खेळाडू आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही.

तेव्हा मी त्याला एकच प्रश्न विचारला, आणि वाचकहो, तोच तुम्हालाही विचारतो. हे दोन लाख आधी कोणाचे होते?

शेतकरी पिकवतो तेव्हा जगात धान्य वाढते. शिंपी कापड घेऊन सदरा देतो. देणारा आणि घेणारा दोघेही काहीतरी घेऊन घरी जातात. पोकरच्या मेजावर काहीच पिकत नाही, काहीच शिवले जात नाही. एकाच्या पुढ्यात जेवढे वाढते तेवढेच दुसऱ्याच्या पुढ्यातून कमी होते, शिवाय जागेचा मालक प्रत्येक डावातून आपला वाटा कापून घेतो. म्हणून निपुण खेळाडू आपल्याहून निपुण माणूस शोधत नाही, तो कच्चा माणूस शोधतो. व्यावसायिक खेळाडूंच्या बोलीत अशा माणसाला ‘मासा’ म्हणतात. आपण मराठीत ‘बकरा’ म्हणतो. २००३मध्ये अमेरिकेतील एका हिशेबनिसाने ८६ डॉलरच्या ऑनलाइन प्रवेशिकेवर सुरुवात करून त्या जागतिक स्पर्धेत २५ लाख डॉलर जिंकले. त्या वर्षी मुख्य फेरीत ८३९ खेळाडू होते. तीनच वर्षांनी ८,७७३ झाले, प्रवेशमूल्य दहा हजार डॉलर असूनही. त्या एका हिशेबनिसाचे नाव सर्वांना ठाऊक आहे. रिकाम्या हाताने घरी परतलेल्या हजारोंची नावे कोण सांगणार?

म्हणजे कौशल्याने हा व्यवहार शुद्ध होत नाही. उलट, दुबळ्यावरील मात अधिक खात्रीची होते. ‘सर्व जण राजीखुशीने बसतात’ हे उत्तरही अपुरे आहे. सूरह अन्-निसाच्या २९व्या आयतीत एकमेकांची संपत्ती अन्यायाने खाण्यास मनाई आहे आणि परस्परसंमतीच्या व्यापाराला मोकळीक आहे. पोकरच्या मेजावर संमती जिंकण्याला असते. हरण्याला मनापासून संमती देऊन बसलेला माणूस मी तरी पाहिलेला नाही.

‘‘पण मी तर चांगल्या कामाला देतो आहे!’’ तरुणाचा आवाज किंचित दुखावला होता. अमेरिकेत बॅरी ग्रीनस्टाइन नावाचा पोकरपटू स्पर्धांतील कमाई गरीब मुलांसाठी देत असे. लोक त्याला पोकरचा रॉबिन हूड म्हणत. वाचकहो, हे नवे नाही. इस्लामपूर्व अरबस्तानात ‘मैसिर’ याच रीतीने चाले. उंट कापून त्याचे वाटे करीत, खुणांचे बाण काढून कोणाला किती ते ठरवीत, रिकामे बाण येणाऱ्यांनी उंटाची किंमत भरायची. भाष्यकार सांगतात, की जिंकणारे ते मांस स्वतः न खाता गोरगरिबांना वाटत आणि न खेळणाऱ्याला कंजूष म्हणून हिणवत. उपाशी माणसाच्या पोटात ते मांस खरोखरच जात होते. सूरह अल-बकराच्या २१९व्या आयतीने हा लाभ नाकारला नाही. गुनाह लाभाहून मोठा आहे, एवढेच सांगितले. पुढे सूरह अल-माइदाने मैसिर हराम ठरवला आणि कारणही दिले: त्यातून वैर व द्वेष माजतो, अल्लाहचे स्मरण आणि नमाज सुटते. ज्याने रात्रभर पत्ते पाहिले आहेत त्याला फजरची नमाज कुठे गेली हे सांगावे लागत नाही. ‘ये, जुगार खेळू’ एवढे नुसते बोलणाऱ्यासही प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सदका देण्यास सांगितले आहे.

शेवटी मी त्याला काबागृहाची हकीकत सांगितली. प्रेषितत्वाच्या काही वर्षे आधी कुरैशांनी काबागृह नव्याने बांधायला घेतले. ते मूर्तिपूजक होते, तरीही त्यांनी ठरवले, की व्याजाचा, वेश्याव्यवसायाचा वा कोणावर अन्याय करून मिळवलेला पैसा या बांधकामात घालायचा नाही. निर्मळ पैसा कमी पडला. बांधकाम आखडते घेतले आणि एक भाग भिंतीबाहेर राहिला. तोच हतीम. हाजी आजही त्या अर्धवर्तुळाकृती कठड्याच्या बाहेरून तवाफ करतात.

तरुण बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारले, ‘‘या पैशांचे काय करू?’’ फुकहांचे मत मी सांगितले: ज्याच्याकडून जिंकले तो ठाऊक असेल तर त्याला परत कर, ठाऊक नसेल तर पुण्याची अपेक्षा न धरता गरजूंना देऊन मोकळा हो. मशिदीसाठी ते घेता येणार नाहीत. त्याने पाकीट उचलले. बहुतेक जण अनोळखीच होते, असे म्हणाला. दारापर्यंत जाऊन थांबला आणि खिशातून मोबाइल काढला.

‘‘एकाचा नंबर आहे माझ्याकडे. मडगावचा दुकानदार. त्या रात्री साठ हजार हरला होता.’’

आमच्या समितीतील काही जण माझ्यावर अजून नाराज आहेत. वजूखान्याचे दोन नळ आजही गळतात. खाली बादली ठेवली आहे.