कायमचा पत्ता

अठराव्या वर्षी काढलेल्या पासपोर्टची दहा वर्षं संपत आली, म्हणून म्युनिकमध्ये बसून नूतनीकरणाचा फॉर्म उघडला. सगळं भराभर भरलं आणि भारतातल्या पत्त्यापाशी अडलो. जुन्या पासपोर्टवर आळंदीचं घर आहे, इंद्रायणीच्या घाटापासून दोन गल्ल्या आत. ते आम्ही चार वर्षांपूर्वी विकलं. आई-बाबा आता मोशीत राहतात, अकरा महिन्यांच्या भाडेकरारावर. त्याला कायमचा पत्ता कसं म्हणायचं?

बाबा फोनवर म्हणाले, "आळंदीच लिही. पोलीस चौकशीला आले तर शेजारच्या काकू सांगतील, आमचाच मुलगा आहे म्हणून."

काकूंच्या लेखी ते खोटं नाहीच. पण पोलीस विचारणार ते वेगळं: इथे राहतो का? माझ्या सोयीसाठी सत्तरीच्या बाईला उंबऱ्यावर साक्षीला उभं करायचं, हे मला जड जात होतं.

आळंदीकरांना कागदाचा हा जाच जुना आहे. संन्याशाची मुलं म्हणून ज्ञानदेवादी भावंडांना शुद्धिपत्रासाठी पैठणला जावं लागलं, असं परंपरा सांगते. लहानपणी मला पैठणच्या पंडितांचा राग यायचा. अजूनही येतो. पण वडिलांचा संन्यास लपवून ती मुलं गेली नव्हती, हे आता जास्त जाणवतं.

मोशी लिहिलं. कायमचं नसेल, पण तिथे दार आईच उघडेल. बाबा दोन दिवस तुटक बोलत होते.