सुकाणूचा दांडा

कन्हान नदीच्या काठी वसलेल्या खाप्यात बसून शिडाच्या नौकेचा विचार करणे हे कित्येकांस हास्यास्पद वाटेल. समुद्र येथून शेकडो मैल दूर. तथापि ज्या प्रश्नाचा येथे विचार करावयाचा आहे तो खाऱ्या पाण्याचाच आहे असे नाही.

जुन्या शिडाच्या नौकेचे काही हौशी मालक तिच्यावरील सुकाणूचे चाक काढून टाकतात आणि त्या जागी साधा लाकडी दांडा बसवितात. चाक, त्याचा खांब, त्याखालील तारा व कप्प्या एवढा सरंजाम निघतो आणि सुकाणूच्या माथ्यावर एक दांडा उरतो. व्यवहारी मनुष्य विचारील, सोय टाकून गैरसोय विकत घेण्यात शहाणपण कोणते?

चाक जहाजावर आले ते अठराव्या शतकाच्या आरंभी. मोठ्या जहाजाचे सुकाणू मनुष्याच्या बाहुबळास आवरेना, म्हणून दोर व कप्प्या मध्ये घालून ते हलके केले गेले. दांड्याची रीत उलटी असते. दांडा उजवीकडे लोटला की नौका डावीकडे वळते. गंमत अशी की, चाक आल्यावरही पुढे दोनशे वर्षे इंग्रजी जहाजांवर हुकूम दांड्याच्याच भाषेत दिले जात. 1912 साली टायटॅनिकवर हिमनग दिसताच जो हुकूम सुटला तो शब्दशः उजवीकडचा होता आणि जहाज वळावयाचे होते डावीकडे. ब्रिटनने ही पद्धत 1933 साली बदलली. साधन गेले तरी त्याची भाषा मागे राहते, आणि ती बोलणाऱ्यास तिचे मूळ ठाऊक असतेच असे नाही.

परंतु मुख्य मुद्दा निराळा. दांडा धरणाऱ्याच्या तळहातास पाण्याचा दाब थेट कळतो. तो हातातून निसटू पाहू लागला की शिडे वाऱ्यास जास्त झाली, ती आखडली पाहिजेत, हे डोळ्यांआधी हातास समजते. चाकातून हीच वार्ता येते, पण कप्प्यांच्या घर्षणात बरीचशी जिरून. ज्यावर आपण हुकमत चालवितो त्याचा प्रतिकार आपल्यापर्यंत पोचावा की नाही, असा हा प्रश्न आहे. बहुतेक सर्व सोयी हुकूम खाली पोचविण्यात तत्पर असतात. तक्रार वर आणण्याचे काम मात्र कोणी त्यांच्याकडे सोपविलेले नसते.

मुंबईत कुलाब्यास बांधलेली 'सुहैली' ही सागवानी नौका 1964 साली पाण्यात उतरली. लांबी अवघी 32 फूट, आणि सुकाणूस दांडा. तिच्यातून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी 1968-69 मध्ये 312 दिवसांत एकट्याने, कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली. वाटेत सुकाणू आपोआप सांभाळणारे यंत्र मोडले, तेव्हा शिडांचा तोल साधूनच नौका मार्गावर ठेवावी लागली. यावरून चाक सदोष ठरते काय? मुळीच नाही. गोव्यात बांधलेल्या 56 फुटी 'म्हादेई'ला चाक होते, आणि तिच्यातून दिलीप दोंदे यांनी 2009-10 साली एकट्याने जग पालथे घातले. एवढ्या नौकेस दांडा लावा असे म्हणणे हा केवळ हट्ट होय.

खाप्याच्या मागवाल्यांस हा वाद समजण्यास अडचण पडू नये. पूर्वी धोटा हाताने फेकीत व दुसऱ्या हाताने झेलीत. कापडाचा पन्हा हातांच्या पल्ल्याएवढाच. 1733 साली इंग्लंडात जॉन के याने दोरीने धावणारा धोटा काढला. पन्हा वाढला, वेग वाढला, मात्र सुताचा ताण बोटांस पूर्वीइतका कळेनासा झाला. म्हणून आता कोणी विणकऱ्यास जुन्या धोट्याकडे परत जाण्याचा उपदेश करू लागला, तर त्यास प्रथम विचारावे की संध्याकाळी त्याच्या घरची चूल कोण पेटविणार. कष्ट स्वेच्छेने पत्करणे आणि दुसऱ्यास ते गोड करून सांगणे, यांत फार अंतर आहे. नौकेचा मालक दांडा बसवितो तो स्वतःच्या खांद्यांच्या जोरावर. रात्रीच्या पाळीस जर थकलेली पत्नी किंवा वृद्ध वडील बसणार असतील, तर त्यांस विचारल्यावाचून चाक काढणे मला अन्यायाचे वाटते.

एक गोष्ट मात्र चाकाचे कैवारीही नाकारीत नाहीत. तार तुटली तर उपयोगी पडावा म्हणून चाकाच्या कित्येक नौकांतही एक दांडा पेटीत ठेवलेला असतो. तो सुकाणूच्या माथ्यावर नीट बसतो की नाही, हे बंदर सोडण्यापूर्वी पाहणारे थोडेच.