संकेतस्थळ नेमकं कुणाचं?

मिलिंदपञ्ह या पाली ग्रंथात भिक्खू नागसेन मिलिंद राजाला विचारतात, रथ म्हणजे नेमकं काय? चाक, आस की जू? सगळे भाग सुटे केले तर रथ उरतो कुठे?

घरगुती लोणच्यांच्या धंद्यासाठी पहिलं संकेतस्थळ काढणाऱ्या बाईंपुढेही असाच प्रश्न येतो: संकेतस्थळाच्या सुट्या भागांतलं नेमकं आपलं काय? डॉट कॉमचं नाव कायमचं विकत मिळत नाही. एका वेळी फार तर 10 वर्षांसाठी नोंदवता येतं. सर्व्हरवरची जागा होस्ट कंपनीकडून भाड्याने घेतलेली. शॉपिफाय किंवा विक्स म्हणजे सगळ्या सोयींचं भाड्याचं घर: राहायला सोपं, पण विक्सवर रचलेली पानं जशीच्या तशी दुसऱ्या होस्टकडे नेता येत नाहीत. 2003 साली आलेली वर्डप्रेस ही मुक्त प्रणाली मात्र बिऱ्हाड हलवू देते. बदल्यात अपडेट, बॅकअप, सुरक्षा हा व्याप आपल्या गळ्यात.

घरमालक घरच पाडतो, हेही घडलं आहे. याहूने लोकांची संकेतस्थळं ठेवणारं जिओसिटीज 1999 मध्ये विकत घेतलं आणि 2009 मध्ये अमेरिकेतली सेवा बंद केली. गूगल बिझनेस प्रोफाइलवर बनवलेली छोट्या दुकानांची संकेतस्थळं मार्च 2024 मध्ये बंद झाली.

नागसेनांच्या मते रथ हे भागांच्या जुळणीला दिलेलं नाव. मग ‘माझं’ काय?

व्यवहारात तीनच गोष्टी: स्वतःच्या खात्यावर नोंदवलेलं नाव, मजकूर-फोटोंची आपल्याकडची प्रत आणि ग्राहकांची यादी. होस्ट निवडण्याआधी या तिन्ही कुणाच्या ताब्यात राहतील, ते विचारून घ्यावं.