मंगल परिणयाचा सूर



लग्नसराई आली की आपल्या राजूर परिसरातल्या घरांत हल्ली एक नवा वाद ऐकू येतो. शिकलेली मुले-मुली म्हणतात, "आपले लग्न बौद्ध पद्धतीचे आहे. मंडपात शांत संगीत लावू. मोबाइलवर झेन संगीत मिळते. बासरी असते, झऱ्याचे पाणी असते." वडीलधारी माणसे म्हणतात, "वाजंत्री नाही ते लग्न कसले?" दोघेही मनापासून बोलतात. म्हणून हा प्रश्न धम्माच्या कसोटीवर घासून पाहू.

आधी आपल्या विवाहविधीचा गाभा काय, ते पाहा. परमपूज्य बाबासाहेबांनी महापरिनिर्वाणाच्या दोनच दिवस अगोदर, ४ डिसेंबर १९५६ रोजी, एका पत्रात बौद्ध विवाहाची रीत सांगितली आहे. होम नाही, सप्तपदी नाही. वधू-वरांच्या मध्ये पाण्याने काठोकाठ भरलेले नवे मातीचे मडके ठेवावे. त्यात सोडलेल्या सुताचे एकेक टोक दोघांनी हाती धरावे. कोणीतरी मंगलसुत्त म्हणावे. दोघांची वस्त्रे पांढरी असावीत. संपला विधी! या सगळ्या विधीत आवाज एकच आहे, आणि तो मंगलसुत्त म्हणणाऱ्या माणसाचा आहे.

त्या मंगलसुत्तात भगवंतांनी ३८ मंगले सांगितली. त्यांत मुहूर्त नाही, शकुन नाही, वाद्यही नाही. मूर्खांची संगत टाळणे, विद्या आणि कौशल्य मिळवणे, चांगले बोलणे, आईवडिलांची सेवा करणे, बायको-मुलांचा सांभाळ करणे, याला तथागत मंगल म्हणतात. मंगल हे आचरणात असते. मग सनईने लग्न मंगल होते हा समज जसा खोटा, तसा झेनच्या बासरीने ते पवित्र होते हा समजही खोटाच. वाद्य बदलले आणि समजूत तीच राहिली, तर आपण काय टाकले?

मग धम्माला संगीत वर्ज्य आहे काय? नाही. भिक्षूंसाठी आणि उपोसथाला अष्टशील पाळणाऱ्यांसाठी नृत्य-गीत-वाद्यापासून दूर राहण्याचा नियम आहे. गृहस्थाच्या पंचशीलात तो नाही. सिगालोवाद सुत्तात गृहस्थाला सावध केले आहे ते तमाशांच्या मागे सतत धावण्याच्या व्यसनाबद्दल. औरंगाबाद लेण्यांतील सातव्या लेण्यात जाऊन पाहा. गाभाऱ्याच्या भिंतीवर नर्तकी आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंना वाद्ये वाजवणाऱ्या स्त्रिया कोरल्या आहेत. खुद्द बाबासाहेब व्हायोलिन शिकले होते.

दीघनिकायात पंचशिख गंधर्वाची कथा आहे. राजगृहाजवळच्या गुहेत भगवंत ध्यानस्थ बसले होते. पंचशिख बेलाच्या लाकडाची वीणा घेऊन आला आणि गाऊ लागला. गीत कशाचे होते? त्याचे जिच्यावर प्रेम होते त्या भद्देचे, आणि त्यातच बुद्धाचे आणि धम्माचेही. भगवंत रागावले नाहीत. तारांचा सूर गीतावर चढत नाही आणि गीत तारांवर चढत नाही, अशी त्यांनी त्याची वाखाणणी केली. पुढे शक्राने भद्देशी त्याची जोडी जुळवून दिली. कथेतले देव-गंधर्व बाजूला ठेवा आणि सार घ्या. एकाने दुसऱ्याला दाबू नये. हीच आपली कसोटी. संसाराचीही तीच आहे.

आता झेनबद्दल थोडे. पालीतला 'झान' हा शब्द चीनमध्ये 'चान' झाला आणि जपानमध्ये 'झेन' झाला. अर्थ एकच, ध्यान. जपानात फुके पंथाचे भिक्षू शाकुहाची नावाची बांबूची बासरी फुंकणे हीच साधना मानीत. १८७१ मध्ये तिथल्या सरकारने तो पंथ बंद केला, पण बासरी टिकली. १९६४ मध्ये टोनी स्कॉट या अमेरिकन वादकाने दोन जपानी वादकांबरोबर झेन ध्यानसंगीताची एक तबकडी काढली, ती जगभर गाजली. आज त्या नावाने मिळणारे पुष्कळसे संगीत केवळ विश्रांतीसाठी बनवलेले असते. ते वाईट नाही. पण ते बुद्धवचन आहे असे समजू नका.

वडीलधाऱ्यांच्या म्हणण्यातही मोठे सत्य आहे. आपल्या आजा-पणजांनी दुसऱ्यांच्या वरातीपुढे वाजवले. स्वतःची वरात गावातून वाजत नेण्याची मात्र त्यांना बंदी होती. आपल्या समाजाच्या नवरदेवाला घोड्यावरून उतरवल्याच्या बातम्या देशात आजही येतात. वाजतगाजत जाण्याचा हक्क आपण झगडून मिळवला आहे, तो सोडायला कोणी सांगत नाही. रस्त्यावर हलगी वाजू द्या, सनई वाजू द्या. वाजवणारे बहुतेक आपल्यासारखेच कष्टकरी आहेत, त्यांची ठरलेली मजुरी द्या आणि त्यांना पंगतीला मानाने बसवा. बँडवाल्याला एक गोष्ट मात्र सुपारी देतानाच सांगा. सुरुवातीला गणेशस्तवन वाजवण्याचा त्यांचा रिवाज असतो. राजूर तर गणपतीचेच गाव. शेजाऱ्याच्या श्रद्धेचा उपमर्द न करता, पण आपल्या बावीस प्रतिज्ञा स्मरून, आपली सुरुवात भीमगीताने करायला सांगा.

मंडपातली गोष्ट वेगळी आहे. तिथे वधू-वर प्रतिज्ञा घेतात. त्यांचा आधार सिगालोवाद सुत्तात आहे. पतीने पत्नीचा मान राखावा, तिचा अपमान करू नये, तिच्याशी एकनिष्ठ राहावे, घरातला अधिकार तिच्या हाती द्यावा. पत्नीने घर नीट सांभाळावे, नात्यागोत्याशी प्रेमाने वागावे, एकनिष्ठ राहावे, मिळवलेले राखावे. 'मी हिचा अपमान करणार नाही' असे नवरदेव शेदोनशे माणसांसमोर म्हणतो. ही माणसे साक्षीदार आहेत. पण डी.जे.च्या धडधडाटात ते शब्द मागच्या रांगेतल्या आजीपर्यंत पोचलेच नाहीत, तर साक्ष कोण देणार? उद्या त्या मुलीला सासरी त्रास झाला, तर 'तू सर्वांसमोर काय कबूल केले होतेस?' हे विचारणार कोण? लेकीच्या पाठीशी उभे राहायचे असेल, तर आधी तिच्या लग्नातले शब्द कानांनी ऐकावे लागतात.

म्हणून असे करा. पाहुणे येऊन बसेपर्यंत मंद बासरी लावा. झेनची लावा, नाहीतर गावातल्याच एखाद्या पोराला वाजवायला बसवा. तथागत आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांना फुले वाहून मेणबत्ती लावली की संगीत पूर्ण बंद. त्रिशरण-पंचशील सर्वांनी तोंडाने म्हणावे. मंगलसुत्त कोणा उपासिकेने किंवा शाळेत जाणाऱ्या मुलीने म्हणावे आणि बौद्धाचार्यांनी त्याचा मराठी अर्थ सांगावा. प्रतिज्ञा वधू-वरांनी स्वतःच्या आवाजात, सावकाश म्हणाव्यात. नवरीने मान खाली घालून पुटपुटू नये. जयमंगल गाथांनंतर फुलांचा वर्षाव झाला की मग वामनदादांची, प्रल्हाद शिंदेंची गाणी खुशाल लावा. मात्र रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकरला कायद्याने मनाई आहे. २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम आपल्यालाही लागू आहेत. शेजारी आजारी माणूस असतो, परीक्षेला बसणारे लेकरू असते, हे कायद्याआधी करुणेने ओळखावे.

शेवटी खर्चाचे. डी.जे.साठी कर्ज काढणाऱ्या बापाने एक आठवावे. आपल्याच तालुक्याचे भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. तिथल्या लोकांनी दिलेल्या दानाची नोंद दूर सांचीच्या स्तूपावर कोरलेली आहे. त्यांच्या लग्नात काय वाजले ते कोणाला ठाऊक नाही. दान मात्र दोन हजार वर्षे टिकले. लग्नात वाचलेल्या पैशांतून विहाराला चार पुस्तके द्या, एखाद्या मुलीची फी भरा.

सर्वांचे मंगल होवो. जयभीम, नमो बुद्धाय.