नकाराचे शुल्क

परदेशी निघालेल्या माणसाकडून दोन तऱ्हेचे पैसे घेतले जातात आणि आपण दोन्हींना सरसकट ‘व्हिसाचा खर्च’ म्हणून मोकळे होतो. भूतान विकास शुल्क म्हणून परदेशी पर्यटकाकडून रात्रीमागे १०० डॉलर घेतो, भारतीयाकडून १२०० रुपये. रक्कम जाचक वाटेल, पण व्यवहार उघड आहे. राहाल तितक्या रात्रींचे मोजा. युरोपच्या शेंगेन व्हिसाचे ९० युरो मात्र वेगळ्या जातीचे. ते प्रवेशाचे नव्हेत, तपासणीचे. म्हणून नकार आला तरी परत मिळत नाहीत. २०२४मध्ये भारतातून असे सुमारे ११ लाख अर्ज गेले आणि दीड लाखाहून अधिक नाकारले गेले. अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचे सेवाशुल्क यावर वेगळे, आणि ते व्हिसा शुल्काच्या निम्म्यापर्यंत असू शकते. नाकारलेल्याच्या हाती येतो तो छापील नमुना, त्यातल्या एखाद्या चौकटीवर खूण केलेली: मुदतीत परत जाण्याच्या इराद्याबद्दल खात्री पटली नाही.

अर्ज तपासायला माणसे लागतात, यंत्रणा लागते आणि नाकारलेल्या अर्जालाही तितकेच श्रम पडतात, हे समर्थन वरवर बिनतोड आहे. पण मग शुल्क श्रमांवरच ठरायला हवे, आणि ते तसे ठरत नाही. आर्मेनियाशी व्हिसा शिथिलीकरणाचा करार झालेला म्हणून तिथल्या नागरिकाला व्हिसासाठी ३५ युरोंचा दर. उलट, गांबियाचे सरकार युरोपात बेकायदा राहिलेल्या आपल्या नागरिकांना परत घेण्यात सहकार्य करत नव्हते म्हणून युरोपीय संघाने २०२२च्या डिसेंबरात त्या देशाच्या अर्जदारांचे शुल्क ८० वरून १२० युरो करण्याचा निर्णय घेतला. गांबियातल्या बांजुलच्या माणसाची कागदपत्रे तपासणे एकाएकी दीडपट कष्टाचे झाले नव्हते. सरकारांच्या भांडणाचा दंड अर्जदाराच्या खिशातून वसूल झाला, इतकेच. दर राजकारणाने ठरतो हे एकदा दिसले, की ‘खर्च भरून काढतो’ या सबबीवर नाकारलेल्याचे सगळे पैसे ठेवून घेता येत नाहीत.

परीक्षेत नापास झालेल्याला फी परत मिळते का, असे कोणी विचारेल. नाही मिळत. पण तिथे अभ्यासक्रम आधी जाहीर असतो, आणि विद्यार्थ्याच्या जिल्ह्याच्या पुढाऱ्याने काय केले यावरून फी वाढत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: परदेशवारी ही चैन आहे, तिची बाजू लढवायची कशाला? पुण्याहून म्युनिकला लेकीच्या बाळंतपणासाठी निघालेल्या आईला हा आक्षेप ऐकवून पाहावा. तोच ९० युरोंचा आकडा युरोपात महिनाभर कमावणाऱ्याला किरकोळ आणि इथल्या निवृत्त शिक्षिकेला भरभक्कम असतो, हेही त्या आक्षेपात बसत नाही. शुल्क नसेल तर कोणीही उठून अर्ज टाकेल, ही भीती खरी आहे. पण तिला पूर्ण रक्कम लागत नाही. अर्जाबरोबर प्रत्यक्ष खर्चापुरता हप्ता घ्यावा, बाकीचा हप्ता व्हिसा मंजूर झाल्यावर. तिजोरीला थोडी तोशीस पडेल आणि मंजुरी मिळालेल्यांना कदाचित जास्त मोजावे लागेल. ते मला रास्त वाटते, कारण मोबदला त्यांच्या पदरात पडलेला असतो.

हे सारे म्हणताना आपल्या घरातले कागदही पाहायला हवेत. भारताच्या ई-व्हिसाचे शुल्क पासपोर्टागणिक वेगळे आहे, आणि ते अर्जावरच्या प्रक्रियेसाठी असल्याने मंजुरी मिळो वा नकार, परत दिले जात नाही, असे सरकार स्वच्छ सांगते. म्हणजे ज्या युक्तिवादाबद्दल आपण युरोपवर चिडतो, तोच आपण नैरोबीच्या माणसाला ऐकवू शकतो. परस्परतेच्या नावाखाली हे खपूनही जाते. शुल्काचे दोन हप्ते करायला दिल्लीला ब्रुसेल्सच्या संमतीची गरज नाही.