चित्रातली धाव

चित्र जागचं हलत नाही आणि खेळ क्षणभरही थांबत नाही. मग खेळातला आवेश कॅनव्हासवर उतरतो कसा?

पहिलं उत्तर अचूकतेचं: धावतानाचा एक क्षण नेमका टिपावा. फ्रेंच चित्रकार जेरिको याने 1821 मध्ये एप्समची डर्बी ही घोड्यांची शर्यत रंगवली. त्यातले घोडे चारही पाय पुढे-मागे ताणून हवेत आहेत. 1878 मध्ये छायाचित्रकार मायब्रिजने कॅमेऱ्यांची रांग लावून दौडत्या घोड्याचे फोटो काढले, तेव्हा कळलं की घोडा अधांतरी असतो तो पाय पोटाखाली गोळा झालेले असताना. जेरिको चुकला होता. तरी त्याचे घोडे पळतात आणि फोटोतला घोडा खिळून राहतो. शिल्पकार रोदँने याचा उलगडा केला. जेरिकोच्या घोड्याचे मागचे पाय आधीच्या क्षणातले आहेत, पुढचे नंतरच्या क्षणातले. आपली नजर मागून पुढे सरकते तेवढ्यात घोडा झेप घेतो. वेग एका क्षणात मावत नाही. तो दोन क्षणांच्या मध्ये असतो.

ही मधली जागा थेट रंगानेच भरता येईल? 26 मार्च 1952 च्या रात्री चित्रकार निकोला द स्ताल याने पॅरिसच्या पार्क दे प्रँस मैदानावर प्रकाशझोतातला फ्रान्स-स्वीडन फुटबॉल सामना पाहिला आणि मग खेळाडूंची चित्रमालिकाच केली. त्यातलं सर्वांत मोठं चित्र दोन मीटर उंच, साडेतीन मीटर रुंद आहे. त्यात चेहरे नाहीत, बोटं नाहीत. आहेत ते जाड रंगाचे थापलेले तुकडे. पण प्रत्येक थरात हात कुठून निघाला, कुठे दाबला, कुठे उचलला, हे उमटलेलं आहे. एवढ्या आकाराला मनगट पुरत नाही, खांद्यापासून जोर लावावा लागतो. खेळाडूची धाव आपल्यापर्यंत पोचते ती चित्रकाराच्या अंगातून.

नुसता हाताचा वेग मात्र पुरेसा नाही. त्याने रंग फक्त उडतात. खेळात प्रत्येक हालचालीमागे शरीराचा भार असतो. चित्रकार जॉर्ज बेलोजच्या 1909 मधल्या ‘स्टॅग अ‍ॅट शार्कीज’मध्ये दोन मुष्टियोद्धे एकमेकांवर असे रेललेले आहेत, की एक काढला तर दुसरा कोसळेल. चेहरे ओळखू येत नाहीत, पण तोल सुटायच्या बेतात आहे, हे लगेच कळतं.

म्हणून अशा चित्रापुढे ‘हा खेळाडू कोण?’ असं विचारून फारसं हाती लागत नाही. भार कुठे आहे आणि तो कुठे निघालाय, एवढं विचारावं.